जुन्या पुराची खूण घर वाचवते की गाफील ठेवते?

गोदाकाठ_पैठण
आमच्याकडे "पाणी कुठवर येतं?" असं विचारलं की उत्तर २००६ चंच मिळतं. त्या ऑगस्टमध्ये जायकवाडीचं पाणी पैठणात शिरलं आणि जिथं थांबलं ती रेघ लोकांच्या डोक्यात कायमची बसली. नंतर ज्यांनी घरं बांधली त्यांनी जोतं त्या रेघेच्या वीतभर वर घेतलं नि निर्धास्त झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणी चढत होतं तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं "रेघेच्या वर येत नसतं" म्हणत उंबऱ्यात उभी होती. पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. भिंतीवरच्या डागाचा या दोन्हींशी काय संबंध? माझं स्पष्ट मत, जुना पूर माणसाला त्याच्याच उंचीपुरतं शहाणं करतो.

सिंदफणेची_लेक
अजिबात पटलं नाही. पूर पाहिलेलं घरच आधी हलतं. माझी आई मृग लागला की सातबारा, पासबुकं, आधार कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तुळईला टांगते. रात्री जनावरांच्या दाव्याला एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारायची, हा घरचा नियम. नदीकाठी नवीन प्लॉट घेतलेल्यांची जनावरं दाव्यालाच गेली. त्यांनी पूर पाहिलेलाच नव्हता.

गोदाकाठ_पैठण
ताई, आईंना नमस्कार. पण कागद नि जनावरं ही एक तयारी झाली. घर कधी सोडायचं, हे कशावरून ठरवता? जुन्या पुरावरूनच ना?

परांड्याचा_शेतकरी
दोघंही आठवणीवर बोलताय, ऐपतीवर कुणीच नाही. आणि आठवण काय एकट्या पुराची असते? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती नि माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, माणसांवर कोसळली. त्या धास्तीनं आमच्या भागात कितीतरी जणांनी माळवद सोडून पत्र्याचं शेड उभं केलं. भूकंपाला ते बरोबरच होतं. पण पाणी आलं की माळवदावर चढून रात्र काढता यायची, पत्र्यावर लेकराबाळांना घेऊन कुठं चढणार? पुढं दुष्काळ. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरात होतं नव्हतं ते बोअर, टाक्या, शेततळ्यात गेलं. जोतं उचलायला पैसा कुठून आणायचा?

मुखेडकर
ज्यांच्याकडे जुनी खूणच नाही त्यांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात रात्रीतून पाणी शिरलं. लेंडी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागं तुंबून वर चढणारं पाणी, कुणाच्या आज्यानंही पाहिलेला नव्हता. मोबाईलवर क्युसेकचे आकडे (धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते) येतात, पण तेवढ्यानं माझ्या दारात पाणी किती चढेल, हे कुणी सांगत नाही.

गोदाकाठ_पैठण
म्हणूनच ग्रामसभेत मागणी करा. निळी, लाल रेषा गावातल्या विजेच्या खांबांवर रंगवून घ्या. निदान घर कोणत्या उंचीवर आहे ते तरी कळेल.

परांड्याचा_शेतकरी
रंगवा, पण रेषेखालच्यांना वर जागा देण्याचा ठरावही त्याच सभेत घ्या. नाहीतर उद्या पंचनाम्याला आलेला माणूस खांबाकडं बोट दाखवून म्हणेल, पूररेषेत घर बांधलंच कशाला?