नॅफ्थलीनवर वाढतो, पण कॅटेकॉलने पिवळा होत नाही, असे का?

प्रश्न (मडगाव): पावसाळ्याच्या तोंडावर कोलवा किनाऱ्यावर आलेल्या डांबराच्या गोळ्यांतून मी प्रकल्पासाठी स्यूडोमोनास हा एक जिवाणू वेगळा केला आहे. झाकणात नॅफ्थलीन ठेवलेल्या, दुसरा कार्बन नसलेल्या क्षारमाध्यमावर तो वाढतो. मात्र न्यूट्रिएंट अगर या साध्या पोषक माध्यमावरच्या वसाहतींवर कॅटेकॉल (नॅफ्थलीन मोडताना सहसा वाटेत बनणारे संयुग) फवारले, तर अर्ध्या तासानंतरही अपेक्षित पिवळा रंग येत नाही. बेंझीनचे वलय फोडणारे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही, असे मानावे का?

उत्तर १: इतक्यात मानू नये. स्यूडोमोनास पुटिडा जी७ मधील एनएएच७ प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरील डीएनएवर) नॅफ्थलीन मोडणारी जनुके दोन ओपेरॉनांत, म्हणजे एकत्र चालू होणाऱ्या जनुकगटांत, आहेत: पहिला नॅफ्थलीनपासून सॅलिसिलेट या मधल्या संयुगापर्यंत नेतो, दुसरा तेथून पुढे. सॅलिसिलेट मिळाल्यावर नाहआर हे नियामक प्रथिन दोन्ही जागे करते. न्यूट्रिएंट अगरवर त्यांना जागे होण्याचे कारणच नसते. नॅफ्थलीनवर वाढलेल्या वसाहतींवर फवारून पाहावे.

उत्तर २: सहमत, पण तरीही पिवळा रंग आला नाही, तर घाबरू नये. तो रंग केवळ मेटा मार्गाचा आहे: कॅटेकॉल २,३-डायऑक्सिजनेज दोन हायड्रॉक्सिल गटांच्या शेजारी वलय तोडते आणि ३७५ नॅनोमीटरला प्रकाश शोषणारे पिवळे संयुग तयार होते. १,२-डायऑक्सिजनेज मात्र त्या दोन गटांच्या मधोमध तोडते. त्यातून मिळणारे म्युकॉनिक आम्ल रंगहीन असल्यामुळे ते २६० नॅनोमीटरलाच शोधावे लागते. राल्स्टोनिया यू२ सारखे काही जिवाणू तर सॅलिसिलेटचे जेंटिसेट हे वेगळेच संयुग करतात, म्हणजे कॅटेकॉल वाटेत येतच नाही.

उत्तर ३: या मार्गातले पहिले विकर तपासायचे असेल, तर इंडोल द्यावे, नॅफ्थलीन डायऑक्सिजनेज त्यापासून निळा इंडिगो घडवते, हे १९८३ मध्ये ई. कोलायमध्ये दाखवले गेले. एक शंका: नॅफ्थलीन प्रयोगशाळेचे आहे की दुकानातली डांबरगोळी? काही डांबरगोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. संपृक्त मिठाच्या पाण्यात नॅफ्थलीन तरंगते, पॅराडायक्लोरोबेंझीन बुडते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. गोळी बाजारातलीच होती. आता मिठाच्या पाण्यात टाकली, ती बुडाली. म्हणजे आजवर तो कशावर वाढत होता, हेच आधी ठरवावे लागेल.