सेवा क्लबचा मेंबर व्हावं का? कोल्हापुरातल्या आतल्या माणसांनी खरं काय ते सांगा

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप हाय, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि वेल्डिंग सेट, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतो. माझं एक जुनं गिऱ्हाईक, वयानं मोठे हायत म्हणून मी काका म्हणतो, ते सहा महिने मागं लागलेत की आमच्या क्लबात ये. रोटरी, लायन्स असतंय तसलाच सेवा क्लब. दोनदा पाहुणा म्हणून मीटिंगला घेऊन गेले. घंटा वाजवून मीटिंग सुरू, मग ज्यांचे वाढदिवस त्यांना फूल, मग एका डॉक्टरांचं किडनीवर भाषण, मग जेवण. माणसं चांगली वाटली, आपुलकीनं बोलली, पण नेमकं काम काय चालतंय ते दोन मीटिंगमध्ये काय कळलं नाही.

वर्गणी वर्षाला पाच आकडी हाय. घरात सांगितलं तर बायको म्हणाली एवढ्यात एखाद्या पोराची फी भरा की सरळ. तिचंबी चुकीचं नाही.

मला हे टाळायचं नाही म्हणून विचारतोय. कोविडच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले, त्या आधी पंधरा दिवस घरात ऑक्सिजनचं मशीन होतं ते अशाच एका क्लबानं दिलतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एक पन्नाशीचा माणूस एकटा ते मशीन छातीशी धरून वर आला, मास्क घामानं पूर्ण भिजलेला, दारातच टेकला आणि पहिलं विचारलं काय तर "प्लग पॉइंट कुठं आहे?" ते डोक्यातनं जात नाही माझ्या. त्यांचं नावबी मला माहीत नाही.

तर आत असलेल्यांनी सांगा, पैसा कुठं जातोय, काम काय असतंय, आणि माझ्यासारख्याला तिथं जागा हाय का.

रंकाळा_काठ

मी १९ वर्षं मेंबर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. तुमची वर्गणी म्हणजे दान नव्हे, ती क्लब चालवायला लागते. काही भाग जगभरच्या संस्थेला, काही डिस्ट्रिक्टला (म्हणजे आसपासच्या क्लबांचा मिळून केलेला विभाग), उरलेला हॉल, चहा-जेवण, टपाल वगैरे. समाजासाठी गोळा केलेला पैसा वेगळ्या खात्यात राहतो, लायन्सचा तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा कारभाराला वापरायचा नाही. तेव्हा मेंबर होण्याआधी विचारा की दोन खाती वेगळी आहेत का आणि प्रोजेक्टच्या खात्याचा मागच्या वर्षीचा हिशोब दाखवा. चांगला क्लब लगेच दाखवतो, कुणाला राग येत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, अध्यक्ष दरवर्षी बदलतो, लायन्समध्ये पण साधारण तेच. याचा फायदा मोठा आहे, कुणी खुर्चीला चिकटून बसत नाही, शंभर वर्षांहून जास्त हे त्यामुळेच टिकलंय. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षात आपलं काहीतरी उभं करायचं असतं आणि आधीच्याचं काम मागं पडतं. आम्हीच एका शाळेत पाण्याचा प्युरिफायर बसवला, फीत कापली, पेपरात बातमी आली. दोन वर्षांनी मी सहज दुसऱ्या कामाला त्या शाळेत गेलो तर नळाला बारीक धार, आतली कँडल पिवळी-तपकिरी होऊन गच्च बसलेली, एकदाही बदललेली नव्हती आणि पोरं शेजारच्या टाकीचं पाणी पीत होती. शाळेला वाटलं क्लब बदलेल, क्लबला वाटलं शाळा बदलेल. मला त्या दिवशी फार लागलं ते. तेव्हापासून मी प्रत्येक बोर्ड मीटिंगला एकच प्रश्न विचारतो, तीन वर्षांमागच्या कामाचं आज काय चाललंय? तुमच्या काकांना पण हाच विचारा.

लांब दमाचं काम हे क्लब करू शकतात हे मात्र विसरू नका. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ ला हातात घेतलं, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासकट आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, किती अध्यक्ष येऊन गेले असतील हिशोब करा. आमच्या कितीतरी मेंबरांनी बूथवर बसून पोरांच्या बोटाला शाई लावलीय.

मंगळवार_पेठ_पोरगं

दादा मी तालमीतला. आमच्याकडं वर्गणी गणपतीची आणि फुटबॉलची, बाकी हाक मारली की पोरं हजर. २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलती, धोक्याची पातळी ४३ हाय म्हणजे बघा, हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आम्ही गुडघाभर पाण्यातनं म्हातारी माणसं पाठीवरनं आणली. तेव्हा मला वाटायचं हे क्लबवाले काय करणार. पण पाणी उतरल्यावर खरं काम सुरू झालं, घराघरात चिखल, आणि बाहेरनं ट्रक भरून जुने कपडे यायला लागले जे कुणालाच नको होते. तेव्हा एका क्लबच्या बाईंनी आमच्या पोरांना गल्लीत पाठवून प्रत्येक घरात काय पायजे ते वहीत लिहून आणायला लावलं. खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, जनावरांना वैरण, पोरांची वह्या-पुस्तकं. चौथ्या दिवशी तेच सामान आलं, गावाबाहेरच्या क्लबांनी पाठवलं. माणसं आमची, कागदपत्रं आणि ओळखी त्यांच्या. दोन्ही पायजेत भावा. तालीम सोडू नका, एवढंच म्हणणं हाय.

ओ_निगेटिव्ह_कोल्हापूर

रक्तदान शिबिराबद्दल पण विचारून घ्या. माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे, तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं त्यामुळे हे आम्ही रोज जगतोय. २६ जूनची शाहू जयंती, १५ ऑगस्ट, कुणाचा वाढदिवस, सगळी शिबिरं एकदमच. पिशवी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर ५ दिवस, आणि ज्यांनी त्या दिवशी दिलं ते पुरुष पुढं ३ महिने आणि बायका ४ महिने देऊ शकत नाहीत. मग एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, ऊन, लग्नं, आणि रक्तपेढीत फोन केला की "डोनर घेऊन या". एक क्लब आहे तो मुद्दाम मे मध्येच छोटं शिबिर घेतो, स्टेज नाही काही नाही, एका कार्यालयाच्या खालच्या हॉलमध्ये चार कॉट. तिथं मी नेमानं जातो. क्लब कसा आहे ते मला तरी तारखेवरून कळतं.

राजारामपुरी_ताई

आमच्या क्लबचं साहित्य केंद्र मी बघते म्हणून लिहिते. (१९८९ पर्यंत रोटरीत बायकांना मेंबर होता येत नव्हतं, आता आमच्या क्लबात अध्यक्षच बाई आहेत.) व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हँडल फिरवून वर होणारी कॉट असं सामान डिपॉझिट घेऊन द्यायचं, काम झालं की सामान परत, डिपॉझिट परत. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तीन महिन्यांसाठी कॉट विकत कशाला घ्यायची? मागच्या महिन्यात वडणग्याचा एक मुलगा आईला दवाखान्यातनं सोडणार म्हणून धावत आला, आमच्याकडं कॉट होती पण तिचं हँडल नुसतं गरगर फिरतंय, पाठ वरच येत नाही. त्याला परत पाठवावं लागलं. रात्रभर झोप नाही लागली मला.

११ व्हीलचेअर आहेत, त्यातल्या ४ कोपऱ्यात. पुढची लहान चाकं जाम, दोऱ्या आणि केस गुंडाळून बसलेत आत. नवीन घ्यायला देणगी मिळते, दुरुस्तीला मिळत नाही, आणि आमच्यात डॉक्टर, वकील, सीए, बिल्डर सगळे आहेत पण पाना धरणारं कुणी नाही.

लेथवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळाकाका, तो प्रश्न लिहून ठेवलाय.

ताई, हँडल नुसतं फिरतंय म्हणजे आतला नट गेला असणार, रॉड शक्यतो जात नाही. नट काढून आणा, मी पितळेचा नवीन करून देतो, आटे जुन्या रॉडला मापून पाडतो. चाकांचं बेअरिंग बहुतेक ६०८ नंबरचं असणार, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, फोटो टाका. चारी खुर्च्यांचं सामान मी बघतो, पैशाचं काढू नका. नाहीतर मीच येऊ का तिकडं?

राजारामपुरी_ताई

तुम्हीच या दादा. शनिवारी संध्याकाळी सहाला उघडते मी, पत्ता मेसेजमध्ये पाठवलाय. पाने आहेत, ग्रीस नाही. आणि कॉट जड आहे, तालमीतल्या त्या पोरालाही सांगा, दोघं लागतील उचलायला. मेंबरशिपचं सावकाश बघू. वडणग्याच्या मुलाचा नंबर रजिस्टरमध्ये आहे, कॉट झाली की पहिला फोन त्याला करणार आहे.

मंगळवार_पेठ_पोरगं

आलो की. सहाला.