सादरीकरणानंतरचे प्रश्न

काहीजण म्हणतात की वर्गमित्रांनी आपापल्या संस्कृतीवर केलेल्या सादरीकरणातून पोशाख आणि सण यांपलीकडे काही कळत नाही. बऱ्याचदा तसं होतं खरं, पण दोष मुलांचा नाही. एखाद्याला उभं करून 'तुमची संस्कृती सांग' म्हटलं की तो बिचारा साऱ्या समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो. त्यापेक्षा 'तुमच्या घरी मोठ्यांना नकार कसा देतात?' असं काही विचारावं. मग खरं बोलणं सुरू होतं.

नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत, समान दर्जा आणि सामायिक उद्दिष्टही लागतं, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडलं होतं. १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. तो त्यानेच इतरांना शिकवायचा. म्हणजे एकमेकांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणारच नाही! मला ही कल्पना फार आवडते.

आणि एकाच समाजातली दोन मुलं असतील तर दोघांनाही बोलू द्यावं. त्यांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथे वर्ग सर्वांत जास्त शिकतो.