मदत हवी आहे: पायथॉनने झिप बनवताना रॅम भरतेय

मंडळी, लातूरच्या एका आडत दुकानासाठी जँगोमध्ये (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) छोटं सॉफ्टवेअर करतोय. सोयाबीनच्या हिशोबपट्ट्यांच्या पीडीएफ झिपफाइल लायब्ररीने गावनिहाय एकत्र करून डाउनलोडला द्यायच्यात. झिप_डिफ्लेटेड (आकार कमी करायचा पर्याय) दिलंय, नाहीतर लायब्ररी फाइली आकार न घटवता नुसत्याच साठवते. पट्ट्यांत स्कॅनचे जेपीजी आहेत, त्यामुळे आकार फारसा घटत नाही, ते चालेल.

खरी अडचण अशी, की अख्खी झिप बाइट्सआयओमध्ये (म्हणजे रॅममधल्या फाइलीत) बनते आणि ऐन हंगामात रॅम भरून प्रोसेस मरते. डिस्कवर न लिहिता, बनेल तशी तुकड्यातुकड्याने ब्राउझरला कशी पाठवू?

शिवाय मालकांच्या जुन्या विंडोज ७ वर झिपमधल्या ‘औसा_पट्टी’ अशा फाइलनावाऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. यूटीएफ-८ चा फ्लॅग (नावं युनिकोडमध्ये आहेत ही झिपमधली खूण) तर लायब्ररी स्वतःच लावते ना? सेव्हन-झिप (झिप उघडायचं वेगळं सॉफ्टवेअर) टाका म्हणू नका, मालक ऐकायचे नाहीत. फाइलींची नावं रोमनमध्ये करणं एवढाच उपाय उरतो का?