१ मेच्या बॅनरवर शाहीर साबळे

देशपांडे काका (बी विंग): पवार साहेब, बॅनरचा मजकूर वाचला. "जय जय महाराष्ट्र माझा या अजरामर गीताचे जनक" हे कोणाच्या डोक्यातून आलं? लिहिलं राजा बढेंनी, चाल श्रीनिवास खळ्यांची, शाहिरांनी गायलं. जनक काढा.

परब वहिनी: मजकूर मी केलाय काका. मागच्या वर्षी पण मीच केला होता, तेव्हा कोणी आलं नव्हतं मदतीला 🙏

रोहन: म्हणजे गाण्याला तीन बाप 😂

पवार (सेक्रेटरी): बॅनर आज रात्री ९ ला छपाईला जातोय. काय ते पटापट बोला.

देशपांडे काका: वहिनी राग मानू नका, पण "साने गुरुजींच्या वर्गात शिकले" हे कुठून आलं? गुरुजींनी अमळनेरच्या शाळेची नोकरी १९३० ला सोडली आणि शाहिरांचा जन्म १९२३ चा म्हणजे तेव्हा ते सात वर्षांचं पोर, पुढे अमळनेरला आजीकडे राहत असताना गुरुजींचा सहवास मिळाला हे खरं आहे, तेवढंच लिहा ना, ते काय कमी आहे का.

परब वहिनी: सहवास काय नि वर्ग काय, संस्कार झालेच ना? फॉरवर्डमध्ये तसंच होतं.

देशपांडे काका: फॉरवर्डमध्ये तर सगळंच असतं.

शिंदे काकू: शाहिरांचं जन्मगाव पसरणी, त्याच्यापुढे वाई तालुका टाका. आमच्या माहेरचं नाव आहे. पोरांना पसरणी म्हटलं की पाचगणीला जातानाचा घाटच आठवतो फक्त.

सी विंग मोरे: आधी आमच्या लिफ्टचं बघा, मग शाहीर.

पवार (सेक्रेटरी): मोरे, लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये.

सी विंग मोरे: मीटिंग कधी??

रोहन: आणि "विंचू चावला हे त्यांनी लिहिलेलं भारूड" असं पण आहे. एकनाथांचं ना ते?

देशपांडे काका: शाब्बास. एकनाथांचंच. शाहिरांनी ते घराघरात पोचवलं.

परब वहिनी: मग तुम्हीच लिहा की आता सगळं.

देशपांडे काका: "अनेक मोठमोठे पुरस्कार" याच्या जागी पद्मश्री, १९९८ लिहा. आणि "नुकतंच राज्यगीत झालं" मधलं नुकतंच नको, पुढच्या वर्षी हाच बॅनर परत लागणार आहे, सगळ्यांना माहितीये. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, असं लिहा. आणि जनक काढा.

शिंदे काकू: "आंधळं दळतंय" राहिलं बघा. त्यांचं मुक्तनाट्य. आमच्या ह्यांना अजून आठवतं.

परब वहिनी: जागा नाही. खाली "सौजन्य परब परिवार" आहे ते छोटं करणार नाही मी.

सी विंग मोरे: लिफ्ट.

पवार (सेक्रेटरी): घेतलं सगळं. गायक शाहीर साबळे, गीत राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे. सहवास, वाई, एकनाथ, पद्मश्री, २०२३. सौजन्य आहे तसंच.

देशपांडे काका: जनक काढलं ना?

पवार (सेक्रेटरी): काढलं हो काका! फाईल गेली. सकाळपर्यंत ग्रुप फक्त अ‍ॅडमिनसाठी.