प्रेग्नन्सीत चीज: नक्की कुठलं चालतं?

डोहाळेवाली
१४वा आठवडा चालूये, उलट्या थांबल्या एकदाच्या आणि आता उठताबसता फक्त चीज डोळ्यासमोर येतंय 😩 नेटवर बघायला गेले तर डोक्याचा पार भुगा, एक म्हणतो फेटा (ते खारट पांढरं ग्रीक चीज) बिनधास्त खा, दुसरा म्हणतो फेटाला हात लावू नका, ब्री नावाच्या मऊ चीजचं पण तसंच, पाश्चराइज्ड असेल तर चालेल म्हणे आणि लगेच पुढच्या साइटवर असलं तरी नको. डॉक्टर "कच्चं काही खाऊ नका" एवढंच बोलल्या आणि पुढचा पेशंट आत. सासूबाईंचा निकाल तयारच आहे, सगळंच बंद कर. आणि खरं सांगू का, परवा एकांकडे जेवायला गेलेलो तिथे निळ्या बुरशीवालं चीज दोन तुकडे खाल्लं, घरी आल्यावर वाचलं आणि तेव्हापासून झोप उडालीये. कुणी नीट सांगेल का?

सुगरणबाई
अगं नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे, सोडून दे सगळं. मी दोन्ही वेळेला चीजचा तुकडा तोंडात घातला नाही, काही अडलं नाही माझं.

लॅबवाला
सुगरणबाई, राग मानू नका पण सगळं सोडायची गरज नाहीये, चीजमधून प्रोटीन कॅल्शियम चांगलं मिळतं, या दिवसांत दोन्ही हवंच असतं. मी डेअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा लांबण लावतो.

भीती आहे ती लिस्टेरिया नावाच्या बॅक्टेरियाची. हा महाबिलंदर, बाकीचे जंतू फ्रिजमध्ये गारठून गप्प बसतात, हा तिथेही हळूहळू वाढत राहतो. म्हणून "फ्रिजमध्येच तर होतं" याला अर्थ नाही. पाश्चरायझेशनमध्ये दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, त्यात हा मरतो. पण चीज त्यानंतर बनतं ना! बनवताना, कापताना, पॅक करताना परत शिरू शकतो, आणि शिरल्यावर त्याचं बस्तान बसणार की नाही हे ठरतं चीजमध्ये पाणी किती आणि आंबटपणा किती यावर. चेडर, पार्मेझान, एमेंटाल ही कडक मंडळी, पाणी कमी, आंबट, खारट, तिथे त्याची डाळ शिजत नाही. अस्सल पार्मेझान तर कच्च्या दुधाचंच असतं पण किमान १२ महिने मुरवतात, ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ते खायला परवानगी देते. ब्री, कॅमेंबेर यांचं उलट, आत ओलसर आणि वरची पांढरी बुरशी आंबटपणा खाऊन टाकते, म्हणजे त्याला आयतं घरच मिळालं. निळ्या बुरशीचं मऊ चीज पण त्याच माळेतलं. त्यातलं रोकफोर तर नियमानेच कच्च्या मेंढीच्या दुधाचं.

आता गोंधळ का होतो तर प्रत्येक देशाचा सल्ला वेगळा. अमेरिकेत मुख्य भर दूध पाश्चराइज्ड आहे का यावर, ब्रिटनमध्ये ब्री पाश्चराइज्ड असलं तरी न शिजवता नको म्हणतात, फेटा मात्र पाश्चराइज्ड असेल तर चालतं, आणि ऑस्ट्रेलियात फेटासुद्धा गरम केल्याशिवाय नको. तू तीन देशांच्या साइट्स एकत्र वाचल्यास, डोकं फिरणारच. मोझरेला, क्रीम चीज, कॉटेज चीज, स्प्रेड हे पाश्चराइज्ड असेल तर ब्रिटनमध्येही आणि अमेरिकेतही चालतं.

डोहाळेवाली
बापरे केवढं टाइप केलंत, थँक्यू 🙏 पण माझ्या त्या दोन तुकड्यांचं काय?

आठवामहिना
मी पण हेच करून बसले होते गं, पाचव्या महिन्यात, रडून गोंधळ घातला होता. डॉक्टरांना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या की तुकडा खाल्ला म्हणजे इन्फेक्शन झालं असं नसतं, मुळात हा आजारच दुर्मिळ आहे. पण प्रेग्नन्सीत तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि आईला नुसतं फ्लूसारखं वाटतं तरी बाळाला मोठा धोका असतो, म्हणून लक्ष ठेवायचं. ताप, अंगदुखी, थंडी वाजणं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करून हे खाल्लं होतं असं स्वतःहून सांगायचं. मग रक्त तपासतात आणि लागलं तर अँटिबायोटिक देतात. आणि लक्षणं खूप उशिरा पण येऊ शकतात, दोन महिन्यांनी सुद्धा, त्यामुळे आठवडा गेला म्हणून विसरू नकोस. मला काहीच झालं नाही.

डोहाळेवाली
हुश्श. उद्या सकाळी फोन करतेच. आणि पिझ्झा??

लॅबवाला
खा की. चीज पूर्ण वितळून वाफा आल्या पाहिजेत, कडेला कोमट आणि मधे गार असं नको. ब्रीसुद्धा असं आतपर्यंत कडकडीत भाजलं तर चालतं. उरलेला पिझ्झा गार खाऊ नकोस मात्र.

डोहाळेवाली
आत्ता फ्रिज उघडून बघितला, क्रीम चीजचा डबा आहे, मागे बारीक अक्षरात पाश्चराइज्ड लिहिलंय 🥳 चमचा घेऊन बसतेय.

लॅबवाला
उघडून किती दिवस झाले?

डोहाळेवाली
...मी नवऱ्याला विचारते.