घरचे सगळे : पिल्लूच्या खोलीतला रेडिएटर गार

मीनल (श्टुटगार्ट) : इकडे सकाळचे सात, बाहेर उणे ३. पिल्लूच्या खोलीतला रेडिएटर परवापासून बंद पडलाय. नॉब ५ वर ठेवला तरी गार. हॉल आणि स्वयंपाकघर व्यवस्थित तापतंय. रात्री तिची खोली १५ वर आली होती, म्हणून तिला आमच्यात घेऊन झोपतोय. घरमालकाला मेल केलीय, शुक्रवारआधी माणूस मिळणार नाही म्हणतोय.

आई : अगं दोन दिवस झाले आणि आज सांगतेस? तिला कानटोपी काढू देऊ नकोस. ओव्याची पुरचुंडी करून छाती शेक, फार गरम नको.

शिरीषदादा (ब्रेमेन) : लेखी कळवलंस ते बरं केलंस, भाड्याच्या घरात तेच आधी करायचं. आता सांग, रेडिएटर पूर्ण गार आहे की खाली गरम आणि वर गार?

मीनल : पूर्ण.

शिरीषदादा : म्हणजे हवा धरलेली नाही. हवा असती तर फक्त वरचा भाग गार राहिला असता आणि किल्लीने सोडली की काम झालं असतं. नॉबवर पडदा येतो का? पडद्याआड गरम हवा कोंडली की नॉबला वाटतं खोली तापली.

मीनल : पडदा आखूड आहे, खिडकीच्या कठड्यापर्यंतच.

शिरीषदादा : मग नॉबकडे येणाऱ्या पाइपला हात लावून बघ. जपून.

मीनल : चटका बसला! नॉबच्या पुढे मात्र एकदम थंड.

शिरीषदादा : गरम पाणी दारापर्यंत येतंय, दारच उघडत नाहीये. नॉबखालच्या व्हॉल्व्हची पिन अडकली असणार.

अण्णामामा : आमच्या कारखान्यात बॉयलरच्या व्हॉल्व्हला स्पिंडल, म्हणजे दांडा असायचा. चाक फिरवलं की तो वर यायचा. तसंच का हे?

शिरीषदादा : नाही मामा. इथे नॉब पिनला धरून नसतो, नुसता तिच्यावर टेकलेला असतो. नॉबच्या आत मेणाची किंवा द्रवाची डबी असते. खोली तापली की ती फुगते, पिन आत दाबते आणि पाणी बंद होतं. गार झालं की डबी आक्रसते. तेव्हा पिन बाहेर यायला हवी, पण तिला बाहेर ढकलायला आत फक्त एक छोटी स्प्रिंग. म्हणून ती अडकली की नॉब कितीही फिरवा, उपयोग नाही.

पप्पूदादा (कराड) : गाडीच्या थर्मोस्टॅटमध्येही मेणच असतं. पण तिथे गरम झालं की उघडतो.

शिरीषदादा : हो, इथे गरम झालं की बंद. आणि मीनल, ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही गं. ३ म्हणजे साधारण २०, पुढे एकेका आकड्याला चार-चार डिग्री. ५ म्हणजे २८ होईपर्यंत बंद होऊ नकोस, एवढंच.

मीनल : एप्रिलमध्ये मी सगळे नॉब बंद करून टाकले होते.

अण्णामामा : तिथेच घात झाला. बंद ठेवलेला व्हॉल्व्ह चिकटतो, मग तो वाफेचा असो की पाण्याचा. सहा महिने पिन दाबलेली, त्यात पाण्यातला गाळ. गळीत संपलं की आम्ही मुद्दाम व्हॉल्व्ह फिरवून ठेवायचो.

शिरीषदादा : मीनल, नॉब ५ वरच असू दे. मागची रिंग उलटी फिरवून आटे सोडव. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पक्कड लाव. नॉब काढल्यावर पाणी येत नाही, घाबरू नकोस. मधोमध बारीक पिन दिसेल. ती लाकडाने दाबून बघ. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन परत आली, तर पिन चांगली आणि नॉब खराब.

शिरीषदादा : एकच गोष्ट करायची नाही. पिन पकडीने धरून ओढायची नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या हातात ती निघून आली. काळं, गरम पाणी भिंतीपर्यंत उडालं आणि सगळ्या बिल्डिंगचं हीटिंग बंद करावं लागलं.

अण्णामामा : शिरीष अगदी बरोबर सांगतोय. पाण्याला प्रेशर आहे, विसरू नकोस. आणि मशीनचं तेल ओतू नकोस, आतलं रबर फुगेल. सिलिकॉनचा स्प्रे असला तर थेंबभर पुरे. व्हॉल्व्हच्या अंगावर बाजूने हलके ठोके दे, पिनवर नाही.

मीनल : नॉब निघाला. पिन जेमतेम दिसतेय, आत बसलीय. दाबली तरी हलत नाही.

आई : तू ते जावईबापूंना करू दे ना. पिल्लू कुठेय?

मीनल : पिल्लू त्याच्याकडेच आहे आई, हॉलमध्ये. मी लाटणं घेतलंय ठोकायला.

अण्णामामा : चालेल. हलक्या हाताने, सगळ्या बाजूंनी.

मीनल : सुटली!! दहा-बारा ठोके झाले, काहीच नाही. मग लाटण्याच्या टोकाने जरा जोरात दाबली, तर टक् आवाज झाला आणि पिन बाहेर आली. लगेच आत सूंऽ करून पाणी वाहायला लागलं. हात ठेवला तर वरची कड कोमट होतेय!

शिरीषदादा : शाब्बास! आता वीस-तीस वेळा दाब-सोड कर, पिन सहज यायला-जायला हवी. कडेने ओल येतेय का, टिश्यू लावून बघ.

मीनल : टिश्यू कोरडा.

अण्णामामा : मग पॅकिंग शाबूत आहे. ओल आली असती तर हात लावू नकोस म्हटलं असतं.

शिरीषदादा : नॉब ५ वरच ठेवून बसव, रिंग हातानेच आवळ. मग ३ वर आण. घरमालकाची शुक्रवारची वेळ मात्र रद्द करू नकोस. एकदा अडकलेली पिन पुन्हा अडकू शकते, त्यांच्या माणसाकडून बदलून घे.

मीनल : खोली २० वर आली. पिल्लू तिच्या पलंगावर झोपलीय. मामा, दादा, खरंच किती आधार वाटला. उन्हाळ्यात काय करू?

शिरीषदादा : हीटिंग बंद झालं की सगळे नॉब ५ वर. पिनवर दाब राहत नाही.

आई : कालनिर्णयवर मे महिन्याच्या पानावर लिहून ठेवलं, मीनलचे नॉब ५ वर. मी फोन करीन.